दरड : उतार केव्हा सुटतो?

कराडला शिक्षकांच्या एका शिबिरात पाटणकडच्या एका गुरुजींनी आम्हाला त्यांच्या वर्गातला प्रश्न सांगितला. आठवीतल्या एका मुलीचा मोठा भाऊ सैन्यात आहे, काश्मीरकडे कुठेतरी. तिने विचारले, "दादाच्या चौकीजवळ बर्फ कोसळतं, आपल्याकडे डोंगर कोसळतो. मग दोन्ही एकच का?" गुरुजी म्हणाले, "जवळजवळ एकच." उत्तर दिले खरे, पण त्यातले ते 'जवळजवळ' त्यांना पुढे बरेच दिवस खुपत राहिले. त्यांनी ते आमच्या गळ्यात टाकले. म्हणून हा लेख.

प्रश्न त्या मुलीलाच पडावा यात नवल नाही. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतून कोणी ना कोणी सैन्यात असतो. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधल्या सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि दहा जवान त्याखाली गाडले गेले. सहा दिवसांनी त्यांतला एक जिवंत सापडला, पण पुढे दोनच दिवसांत तोही गेला. या दहांमध्ये एक जण सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा होता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातला मुलगा बर्फाखाली गेला.

आणि २२ जुलै २०२१ ची रात्र तर पाटण तालुक्यात सर्वांनाच आठवते. मोरणा खोऱ्यातले आंबेघर, कोयनेकाठचे मिरगाव, तसेच ढोकावळे येथे डोंगराचा उतार घरांवर आला. आंबेघर आणि मिरगाव या दोन ठिकाणी मिळून वीसहून अधिक माणसे गेली. रस्ते तुटले होते, ओढे भरून वाहत होते, त्यामुळे मदत पोचायलाही वेळ लागला. त्याच दिवशी घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्याआधी ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण, त्यानंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी. चारही घटना जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत. हा योगायोग नव्हे, त्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

आधी बर्फाचे पाहू, कारण ते समजायला सोपे आहे.

हिमालयात हिवाळ्यात एकदा बर्फ पडतो, मग काही दिवस आकाश निरभ्र राहते, पुन्हा पडतो. दर वेळचा बर्फ हा वेगळा थर असतो. मधल्या थंड, निरभ्र रात्रींत जुन्या थरातले कण बदलतात. ते मोठे, कोरडे, जाड साखरेसारखे होतात आणि एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा, जड बर्फ पडून घट्ट झाला की खाली भुसभुशीत आणि वर पाटीसारखा सलग थर, अशी रचना तयार होते. आता थोडे वजन वाढले, म्हणजे आणखी बर्फ पडला किंवा एखादा माणूस त्यावरून चालत गेला, तरी मधला कच्चा थर दबतो आणि वरची पाटी सरकते. बहुतेक मोठे हिमकडे ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा सरकत नाही. त्याहून उभ्या उतारावर तो साचतच नाही, पडेल तसा थोडा थोडा घसरत राहतो. धोका आहे तो या मधल्या उतारांवर, जिथे बर्फ साचूही शकतो आणि सुटूही शकतो.

हे ओळखायचे कसे? अभ्यासक बर्फात कमरेइतका खड्डा खणतात आणि त्याच्या उभ्या भिंतीत थर वाचतात. कुठला थर घट्ट आहे, कुठला बोटानेही ढासळतो, हे हाताने तपासतात. आपल्याकडे १९६९ पासून मनालीला संरक्षण खात्याची एक संस्था हे काम करीत असे. २०२० मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नात तीन गोष्टी सामाईक निघतात. उतार हवा, उतारावर थर हवेत आणि त्यांत एक कच्चा थर हवा. आता सह्याद्रीत येऊ.

आपल्या डोंगरातले थर

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक लाव्हा पसरत गेला आणि थिजला. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग कुजून कधीकधी तांबडी, चिकण माती झाली आणि नंतरच्या लाव्ह्याने ती तशीच झाकली. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कडेत काळ्या दगडाच्या मधूनच गेलेला हा लाल पट्टा एस.टी.च्या खिडकीतूनही दिसतो. महाबळेश्वर, पाचगणी, कास येथे सर्वांत वर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाणी चटकन आत घेतो. त्याखालची माती मात्र चिकण असते, पाणी चटकन खाली सोडत नाही.

पण दरड म्हणून खाली येतो तो बहुधा हा मूळ पाषाण नव्हे. लाखो वर्षांच्या ऊनपावसाने पाषाणाच्या वर मुरूम, दगडगोटे आणि माती यांचे जाड पांघरूण तयार झालेले असते. उंच कड्याखाली, जिथे उतार थोडा सौम्य होतो, तिथे वरून आलेला हा माल साचतो. तिथेच माती खोल असते, झरे असतात, भातखाचरे करता येतात. साहजिकच वाड्याही तिथेच वसल्या. लोकांनी जागा चुकीची निवडली असे आम्ही म्हणणार नाही. पाणी, जमीन आणि वारापावसापासून आडोसा एकत्र मिळेल अशी जागा त्यांनी निवडली. ज्या कारणांमुळे ती जागा राहण्याजोगी झाली, त्याच कारणांमुळे ती कधीकाळी सुटण्याजोगीही होते, ही यातली अडचण आहे.

शिक्षकांना आमची सूचना अशी, की पावसाळा संपल्यावर वर्ग जवळच्या एखाद्या विहिरीपाशी किंवा सुरक्षित, जुन्या रस्त्याच्या कापापाशी न्यावा आणि थरांचे चित्र मुलांकडून काढून घ्यावे. बर्फवाले खड्डा खणतात, आपल्याला तो आयता मिळतो. पाणी कुठल्या थरातून पाझरते हे त्या चित्रात जरूर नोंदवावे.

दिवाळीचा किल्ला

आता मुख्य प्रश्न. हे पांघरूण शेकडो पावसाळे जागचे हलत नाही. मग एका रात्रीत का सुटते?

पावसाने माती जड होते म्हणून, असे उत्तर मुले देतात. ते खरे आहे, पण अर्धेच. पाण्याचे वजन थोडे नसते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी. ६०० मिलिमीटर म्हणजे ६०० किलो. एक हेक्टर उतारावर हे ६,००० टन होते! त्यातले पुष्कळसे वाहून जाते, काही आत मुरते. पण नुसते वजन वाढल्याने उतार सुटतो असे नाही. वजनामुळे माती खाली ओढली जाते, तशीच ती खालच्या थरावर अधिक दाबलीही जाते आणि घर्षणही वाढते. दोन्ही बाजू बऱ्याच अंशी सारख्याच वाढतात. गोम दुसरीकडे आहे.

दिवाळीत किल्ला केलेल्या कोणत्याही मुलाला ही गोम हाताने माहीत असते. कोरडी माती दगडांवर उभी राहत नाही, ओघळते. थोडे पाणी घातले की तीच माती हवी तशी थापता येते, अगदी उभा बुरूजही होतो. आणि पाणी जास्त झाले की गोणपाटावर थापलेला सगळा लेप एकदम घसरून खाली येतो. माती तीच, उतार तोच, फरक फक्त पाण्याचा.

ओलसर मातीत कणांच्या मधल्या फटींत थोडे पाणी आणि थोडी हवा असते. पाण्याचे बारीक पडदे पृष्ठताणामुळे कणांना एकमेकांकडे ओढतात, म्हणून बुरूज उभा राहतो. फटी पाण्याने पूर्ण भरल्या की हे पडदे नाहीसे होतात आणि ओढही जाते. त्यापुढेही पाणी येतच राहिले आणि त्याला खाली वाट नसली, तर ते दाबाखाली येते आणि कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागते. घर्षण अवलंबून असते ते कण एकमेकांवर किती दाबले जातात यावर. तो दाब पाण्याने स्वतःवर घेतला की घर्षण घटते.

घरात हे दाखवायचे असेल तर काचेचा पेला गरम पाण्यात विसळून ओल्या, गुळगुळीत ओट्यावर उपडा घाला. ओटा किंचित उतरता असेल तर पेला आपोआप सरकू लागतो. आत अडकलेली हवा तापून पसरते आणि पेल्याचे थोडे वजन पेलते. पेला हलका झालेला नाही, पण ओट्यावरचा त्याचा दाब कमी झाला. तिथे हवा करते तेच मातीत पाणी करते.

हिशेबाने हा परिणाम किती मोठा येतो? चिकटपणा नसलेली, मुरमाड माती घ्या, जी कोरडी असताना ३५ अंशांच्या उतारावर जेमतेम टिकते. ती पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरली आणि पाणी उताराला समांतर वाहू लागले, तर कणांवरचा परिणामी दाब साधारण निम्मा होतो. म्हणजे टिकणाऱ्या कोनाचा टॅन्जंटही निम्मा होतो : ०.७० चा ०.३५. हा कोन १९ अंशांच्या आसपास येतो. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे स्वतः करून पाहावे. प्रत्यक्षात मातीला थोडा चिकटपणा असतो, झाडांची मुळे तिला बांधून ठेवतात, म्हणून सगळेच उतार सुटत नाहीत. मुळांचा उपयोग मोठा आहे, पण ती बहुधा मीटर-दोन मीटर जातात. सुटणारा थर त्याहून खोल असला तर झाडांसकट सगळा उतार खाली येतो. "आमच्या डोंगरावर झाडी आहे, आम्हाला भीती नाही," असे जेव्हा ऐकू येते तेव्हा हे सांगणे भाग पडते.

जुलैचा दुसरा पंधरवडा का, तेही आता कळते. जूनचा पाऊस तहानलेली माती पिऊन टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत फटी भरत आलेल्या असतात. मग जो मोठा पाऊस येतो, त्याला आत जागा नसते. तोच पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडता तर बहुतेक उतारांनी तो सोसला असता.

आणि इथेच त्या 'जवळजवळ'चा उलगडा होतो. बर्फातला कच्चा थर त्या त्या हिवाळ्यात तयार होतो आणि उन्हाळ्यात वितळून जातो. पुढच्या वर्षी पाटी कोरी. मातीतला थर मात्र कायमचा असतो. तो कच्चा होतो तो पाण्यामुळे, काही दिवसांपुरता, आणि पाणी ओसरले की पुन्हा सावरतो. हिमकडा पुष्कळदा माणसाच्या पावलाने सुटतो, दरडीला तेवढ्याची गरज नसते. पण उताराचा पाय कापून घर, रस्ता किंवा खाचर केले, तर आपण त्याचा आधारच काढून घेतो. माळीणच्या वरच्या उतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाची चर्चा झाली ती याच कारणाने.

सांगलीची फुटपट्टी

२३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. कोयनानगर, नवजा येथेही तो ५०० च्या वर गेला. आटपाडी किंवा जतला वर्षभरात साधारण जेवढा पडतो, तेवढा हा एका दिवसात!

हे पाणी कोयना आणि कृष्णेतून कराडच्या प्रीतिसंगमाला मिळाले आणि पुढे सांगलीला गेले. तिथे १९२९ मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची उंची फुटांत वाचतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, २०२१ मध्येही ते ५० च्या बरेच वर गेले. नुकसान अपार झाले. तरीही सांगलीकराला एक गोष्ट मिळते : आकडा. कोयनेतून किती सोडले, कराडला किती आहे, आयर्विनला किती झाले, हे त्याला तासातासाला कळते. गल्लीत पाणी कितव्या फुटाला येते हे त्याला पाठ असते आणि सामान माडीवर न्यायला थोडाफार अवधी मिळतो. डोंगराच्या पोटातले पाणी असे दिसत नाही. आंबेघरला आयर्विन पूल नाही.

मग त्याला पर्याय काय? पोटातले पाणी दिसत नसले तरी आत जाणारे मोजता येते. १९८० मध्ये केन नावाच्या अभ्यासकाने जगभरच्या दरडींची माहिती गोळा करून, किती तीव्रतेचा पाऊस किती वेळ पडला म्हणजे दरडी सुटू लागतात याचे एक सूत्र मांडले. त्यावरून २४ तासांसाठी आकडा येतो जेमतेम १०० मिलिमीटर. महाबळेश्वरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण जुलैत १०० मिलिमीटर म्हणजे तिथला नित्याचा दिवस. सूत्र खोटे नाही, ते जगातल्या सर्व जागांची खालची मर्यादा सांगते. ज्या उतारांवर दरवर्षी पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथला सैल माल केव्हाच वाहून गेलेला असतो, ओहोळांच्या वाटा रुळलेल्या असतात. उताराला आपल्या पावसाची सवय असते म्हणा ना. तो सुटतो सवयीबाहेरच्या पावसाने. म्हणून वेधशाळेची सरसकट वर्गवारी, म्हणजे २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त तो अत्यंत मुसळधार पाऊस, ही वाडीच्या दृष्टीने पुरेशी नाही. इथली सवय काय, हे इथेच मोजावे लागते. दहा किलोमीटरवर, एक डोंगर ओलांडला की पाऊस निम्मा होतो, हे पाटण-वाईकडच्या शिक्षकांना सांगायला नको.

हे काम शाळा करू शकते. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर, झाडाछपरापासून दूर, पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून डबा रिकामा करावा. मोठ्या पावसात डबा भरून वाहण्याआधी मधेही मोजावे आणि बेरीज ठेवावी. वहीत तीन रकाने करावेत : आजचा पाऊस, गेल्या तीन दिवसांची बेरीज आणि गेल्या पंधरा दिवसांची बेरीज. पहिला रकाना सर्वजण पाहतात, पण उतार भरत आला की नाही हे तिसरा सांगतो. तिसरा मोठा असताना पहिला अचानक वाढला, तर ती काळजीची वेळ. सुट्टीच्या दिवशी नोंद कोण घेणार हे आधीच ठरवावे. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक वह्या रविवारीच तुटतात.

उतार मोजणेही अवघड नाही. कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला की ओळंबा होतो. नकाशावर करायचे असेल तर १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. दोन रेषांमधले अंतर ०.७ मिलिमीटरहून कमी असेल तर उतार ३० अंशांहून जास्त. डोळ्यांना तो रेषांचा काळा पट्टाच दिसतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे केले आहेत, ते तहसील कचेरीत मागावेत आणि मुलांच्या नकाशाशी ताडून पाहावेत.

काही खुणा आकड्यांशिवायही दिसतात. घराच्या वरच्या बाजूला, उताराला आडव्या पडलेल्या नव्या भेगा. दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे. खांब किंवा झाडे कलणे. उताराच्या पायथ्याशी नवे झरे फुटणे, किंवा नेहमीचा स्वच्छ झरा गढूळ होणे. आणि धो धो पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे. या शेवटच्या खुणेने लोक निश्चिंत होतात, "पाणी उतरलं" म्हणून. वास्तविक वर कुठेतरी दरडीने ओढा अडवलेला असू शकतो आणि तो बांध केव्हाही फुटतो. अशा वेळी ओढ्याच्या काठाने खाली पळायचे नाही. ओढ्यापासून आणि घळीपासून बाजूला, आडवे जायचे.

भेग दिसली तर पावसापूर्वी ती मातीने बुजवून वर पाणी साचणार नाही असे करणे, वरून येणारे पाणी चराने बाजूला काढणे, एवढे गावाला स्वतः करता येते. घरे हलवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. कोयनेच्या खोऱ्यात खाली धरणाचे पाणी आणि वर राखीव जंगल असताना जायचे कुठे, शेतापासून किती लांब, हा प्रश्न विज्ञानाच्या तासात सुटणारा नाही. पण त्या चर्चेला बसताना गावाच्या हातात पाच वर्षांच्या पावसाची वही असणे आणि नसणे यांत फरक आहे.

शेवटी एक काम राहिले. अतिवृष्टीच्या रात्री गावकऱ्यांना बहुधा शाळेतच हलवतात, कारण गावातली मोठी, पक्की इमारत तीच असते. पुष्कळ शाळा डोंगर कापून केलेल्या सपाटीवर उभ्या आहेत. कोनमापक हातात आहे तोवर मुलांना घेऊन शाळेच्या मागची कड मोजून यावी. तिची उंची किती, कोन किती, आणि पावसाळ्यात तिच्यातून पाणी कुठे पाझरते, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.